पुराचं निवारा केंद्र: शाळा एक, माणसं २४०, आणि चौथ्या दिवसानंतर काय?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरीकडचं नदीकाठचं गाव. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले तेव्हा या पट्ट्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यंदाच्या पूर आराखड्यात आमच्या गावापुढे एक ओळ आहे: "निवारा केंद्र: जि. प. शाळा, क्षमता २५०." खोलगट भागात ५८ घरं, २४० माणसं. शाळेत २० बाय २५ फुटांच्या सहा खोल्या, समोर सहा फूट रुंद आणि १२० फूट लांब व्हरांडा, चार संडास, छतावर १००० लिटरची टाकी, आवारात एक बोरिंग. शाळा उंचावर आहे, तिथवर पाणी चढत नाही.

पहिले दोन दिवस पुरीभाजीची पाकिटं आणि ब्लँकेटं भरपूर येतात. तिसऱ्या दिवशी फोटो संपतात. मातीची घरं मात्र तीन-तीन आठवडे राहण्यालायक होत नाहीत. तेव्हा चौथ्या दिवसापासून पुढचं काय लागतं ते आकड्यांसकट सांगा. मे महिना हातात आहे.

मोजपट्टी
आधी ती "क्षमता २५०" खोडा.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली २०१६ मध्ये मदतीचे किमान निकष काढले. त्यात छावणीत माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा सांगितली आहे. तुमची खोली ५०० चौरस फूट, म्हणजे ४६ चौरस मीटर. एका खोलीत १३ माणसं. सहा खोल्यांत ७८. व्हरांडा ६७ चौरस मीटर, तिथे १९. एकूण ९७. ही शाळा शंभर माणसांची आहे, अडीचशेची नाही. आणि हे बाक बाहेर काढले तर. बाक कोपऱ्यात रचून ठेवले की खोलीमागे तीन-चार माणसांची जागा गेली.

उरलेल्या १४३ जणांसाठी आत्ताच दुसऱ्या इमारती लिहून ठेवा. ३० बाय ४० चं समाजमंदिर असेल तर ३१ माणसं. सेवा सहकारी संस्थेचं धान गोदाम ४० बाय ६० चं असेल तर ६३. काही घरं नातेवाइकांकडे जातात. कोणतं घर कुठे जाणार हे आधीच विचारून यादी करा, ऐनवेळी अंदाज चुकतो.

गोदामाबाबत एक जिवावरची गोष्ट. धानाला कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्या गोदामात माणसं झोपवली तर सकाळी उठणार नाहीत. गोळ्या कधी ठेवल्या हे गोदामवाल्याला लेखी विचारा. धुरी चालू असेल तर ते गोदाम यादीतून काढून टाका. दारं-खिडक्या उघडून भागवू, असं करू नका.

झाडीपट्टी
मोजपट्टी भाऊ, कागदावर बराबर हाय. पन पानी आल्यावर शंभर मानसं मोजून बाकीच्याइले बाहेर कोन ठेवन? एका खोलीत चाळीस बसतेत, हेच होते.

मोजपट्टी
होते, मान्य आहे. बसायला चाळीस होतात, झोपायला होत नाहीत. पहिली रात्र निघून जाते. चौथ्या रात्री खोकला, खरूज, भांडणं आणि बायकांची झोपमोड सुरू होते. म्हणूनच दुसऱ्या इमारतीची किल्ली मे महिन्यात हातात पाहिजे.

जुनी वही
हे आकडे कुठून आले तेही माहीत असावं, म्हणजे कोणी "हे शहरी लाड आहेत" म्हणणार नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडातून लाखो माणसं शेजारच्या झाईरमधल्या (आताचा काँगो) गोमाला पळाली. तिथल्या निर्वासित छावण्यांत पाणी नव्हतं, संडास खणायला जमीन नव्हती, खाली लाव्ह्याचा कातळ. पहिल्याच महिन्यात पटकी आणि हगवणीने सुमारे ५० हजार माणसं गेली. त्यानंतर १९९७ पासून स्फिअर नावाचे जागतिक निकष घडले. आपल्या देशाच्या निकषांतला ३.५ चौरस मीटरचा आकडा त्यातही आहे.

आपल्या जवळचं उदाहरण १९७१ चं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या (पश्चिम बंगाल) छावणीत पटकीच्या रोग्यांसाठी सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून तोंडावाटे द्यायला लावलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्यातली बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांचीच आहेत, आणि गोठणगावजवळची तिबेटी वसाहत १९७२ पासून उभी आहे. "तात्पुरतं" या शब्दावर विसंबून आराखडा करू नये, हे विदर्भाला बाहेरून शिकायची गरज नाही.

पाणीगुंड
पाण्याचा हिशेब. निकषाप्रमाणे प्यायला माणशी ३ लिटर आणि संडास-अंघोळीला १५ लिटर. २४० माणसांचे प्यायचे ७२०, वापरायचे ३६००. रोजचे ४३२० लिटर. टाकी १००० ची, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा भरायला हवी. पण तारा पाण्याखाली गेल्या की वीज बंद ठेवावीच लागते, म्हणजे नळयोजना पहिल्याच दिवशी थांबते. राहतं बोरिंग. इंडिया मार्क-२ ची हापशी नीट चालली तर मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२०. सहा तास सलग हापसायचं. पाळ्या लावल्या तर जमतं, पण वायसर गेलेलं असेल तर निम्मंही पाणी येत नाही. वायसर, साखळी, बेअरिंग आणि दोन दांड्यांचा एक संच आत्ताच शाळेच्या कपाटात ठेवा. पूर आल्यावर तालुक्याचा दुरुस्ती करणारा माणूस येऊ शकत नाही.

बोरिंगचा ओटा फुटलेला असेल तर तो जूनच्या आधी दुरुस्त करा. भेगेतून वरचं घाण पाणी पाइपाच्या बाजूने थेट खाली उतरतं.

नवा सभासद_४१
टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची? ड्रमला एक मूठ टाकतात आमच्याकडे.

पाणीगुंड
मूठ नको. मुठीत ४०-५० ग्रॅम येते. दोनशे लिटरच्या ड्रमला ती इतकी जास्त होते की पाणी तोंडात धरवत नाही. मग लोक ते पाणी सोडून बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी पितात. बिघडतं ते इथेच.

पद्धत अशी. टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, दमट हवेत तो उडून जातो. म्हणून २५ टक्के धरून चाला. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी बाटलीत भरा. हे एक टक्क्याचं द्रावण. स्वच्छ पाण्याच्या २०० लिटर ड्रमला त्यातलं ४० मिलि. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा, मगच प्यायला द्या. ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन तपासायची चाचणी) फिका पिवळा रंग आला पाहिजे. रंगच आला नाही तर अजून २० मिलि टाकून पुन्हा अर्धा तास. द्रावण रोज नवं करा, बाटली सावलीत ठेवा. सगळ्या ४३२० लिटरला दिवसाला ३५ ग्रॅम पावडर पुरते. म्हणून २५ किलोचं जुनं पोतं सांभाळण्यापेक्षा किलोभर ताजी पावडर झाकणबंद डब्यात ठेवलेली बरी.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. ड्रमला १० ग्रॅम, विरघळवून, हळूहळू पाच मिनिटं ढवळून, तासभर निवू द्यायचं. वरचं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये घ्यायचं आणि मग टीसीएल. उलट क्रमाने केलं तर क्लोरीन मातीतच संपतो. म्हणजे दोन ड्रम कमीत कमी, तोटी लावलेले. तोटी नसेल तर प्रत्येक जण गुंड (घागर) बुडवणार आणि हातातली घाण ड्रममध्ये जाणार.

बोरिंगवरून पुराचं पाणी गेलं असेल तर: सहा इंची बोअरमध्ये मीटरला १८ लिटर पाणी असतं. ४० मीटर पाणी म्हणजे ७०० लिटर. त्याला ३०० ग्रॅम टीसीएल बादलीत कालवून निवळी बोअरमध्ये ओता, तोंडाशी वास येईपर्यंत हापसा, रात्रभर बंद ठेवा. सकाळी वास कमी होईपर्यंत पाणी बाहेर काढा. हापशीच्या दांड्याला कापड बांधून ठेवा, नाहीतर रात्री कोणीतरी पाणी भरतोच.

मोजपट्टी
संडास. ३० माणसांमागे एक हा निकष, म्हणजे आठ. बायकांचे वेगळे. छावणीपासून ५० मीटरच्या आत. शाळेतले चार आहेत, पण ते दिवसा पोरांसाठी बांधलेले. २४० माणसांनी वापरले की दुसऱ्या दिवशी तुंबतात. टाकी लहान आहे हे एक कारण. मोठं कारण वेगळं आहे. ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, शोषखड्डा आधीच भरलेला असतो. कन्हार (काळ्या चिकण) जमिनीत तर एरवीही मुरत नाही. टाकीतलं पाणी जायला जागाच नसते, ते भांड्यातून उलटं वर येतं. अशा वेळी कितीही बांबू घालून ढोसलं तरी उपयोग नाही.

निकष सांगतो की खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर हवा आणि पाण्याच्या जागेपासून ३० मीटर लांब. वैनगंगेच्या काठी ऑगस्टमध्ये दीड मीटर कोरडी जमीन मिळत नाही. म्हणून खड्डा न खणता वर बांधा:

बल्ल्यांचा (लाकडी वाशांचा) मचाण, त्यावर प्लॅस्टिकचं भांडं, खाली बंद टाकी. बाजूने बांबूचे तट्टे आणि हिरवी नेट, आतून कडी. पाणी टाकून वापर केला तर माणशी दिवसाला पाच लिटर धरा. ३० माणसांचे १५० लिटर. ५०० लिटरची टाकी चौथ्या दिवशी भरते, १००० ची सातव्या. टाकी आडवी घेतली तर मचाणाची उंची कमी राहते. उभी हजार लिटरची घेतली तर म्हाताऱ्यांना पाच फूट चढावं लागतं आणि ते मग शाळेमागेच बसतात. पायऱ्या रुंद करा, एका बाजूला बांबूचा कठडा द्या.

रिकामी टाकी पाण्यात तरंगते. पाणी चढण्याची शक्यता असेल तर तळाला थोडं पाणी भरा आणि तारेने खुंट्यांना आवळा.

मैला उपसणारी गाडी नगर परिषदेकडून येते आणि रस्ता बुडालेला असतो, तेव्हा पहिले सहा दिवस निघतील एवढी जागा टाक्यांत पाहिजे. लघवीची सोय वेगळी केली तर टाकीवरचा भार बराच उतरतो. पुरुषांसाठी पन्हाळ आणि गिट्टीची नाली एका दिवसात होते. बायकांसाठी फरशी, उतार आणि चारही बाजूंनी आडोसा लागतो. तो मात्र कोणी करत नाही.

उंबरठा
तेवढ्यावर थांबू नका मोजपट्टी दादा. बायकांचा प्रश्न संडासच्या संख्येचा कमी आणि वाटेचा जास्त आहे. पन्नास मीटर अंतर दिवसा काहीच नाही. रात्री, चिखलातून, दिवा नसताना, वाटेवर पुरुष झोपलेले असताना ते जाता येत नाही. मग बाया दुपारनंतर पाणी पिणं बंद करतात. चौथ्या-पाचव्या दिवशी लघवीची जळजळ, ताप. औषधाने हे सुटत नाही, वाट आणि उजेड पाहिजे. खोल्या वाटतानाच संडासच्या बाजूच्या दोन खोल्या बाया-पोरींना द्या. वाटेवर चुंगड्यांत (पोत्यांत) मुरूम भरून अंथरा. सोलर कंदील संडासच्या दारावर एक आणि वाटेवर दोन.

पाळीचं कापड. पॅडची पाकिटं येतात, पण कितीतरी बाया कापडच वापरतात आणि ते धुवायला न्हाणी आणि वाळवायला जागा नसते. ओलं कापड परत वापरलं जातं, मांड्या सोलून निघतात. आडोशाच्या आत टिनाखाली दोरी बांधून द्या, कपडे धुवायचा साबण वेगळा द्या, पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवा. तो कुठे रिकामा करायचा तेही ठरवा. निकषांत बायकांसाठीच्या संचात पॅडसोबत कागदी पिशव्याही आहेत, त्या मागून घ्या. निकरांची मागणी कोणी तोंडाने करत नाही. बचत गटाच्या बाईने मापासह यादी करावी, पुरुष कारकुनाने नाही.

आरोग्यताई
याद्यांचंच सांगते, कारण औषधाअभावी होणारा त्रास साथीआधी सुरू होतो.

मे महिन्यात आशाताईंकडून पाच याद्या: क्षयाच्या गोळ्या चालू असलेले, बीपी-शुगरचे, सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार), गरोदर बाया तारखेसह, अंथरुणाला खिळलेले. प्रत्येकाचं किमान पंधरा दिवसांचं औषध जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव लिहून. माणसं घर सोडताना सातबारा उचलतात, गोळ्या विसरतात. इन्सुलिन असेल तर दोन मडकी, मधे ओली रेती, आतल्या मडक्यात बाटली कोरड्या पिशवीत.

सिकलसेल आपल्याकडे घरोघरी आहे. थंडी, ओलं अंग आणि कमी पाणी या तीन गोष्टींनी दुखणं उठतं, आणि छावणीत तिन्ही एकत्र असतात. या पोरांना कोरडी जागा आणि ब्लँकेट आधी. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड खंड न पडता.

तारीख तीन आठवड्यांच्या आत असलेली गरोदर बाई छावणीत नकोच. पाऊस लागायच्या आधी तालुक्याला किंवा जिथे माहेरघर (दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय) आहे तिथे. होडीतून कळा देत नेण्याची वेळ येऊ देऊ नका.

जुलाब: ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात कालवू नका, मीठ जास्त होऊन पोराला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या पोराला २० मिलिग्रॅम, लहानाला १०. अंगावरचं दूध चालूच. कोणी दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटायला आणले तर परत पाठवा. पुराच्या पाण्यात धुतलेली दुधाची बाटली तान्ह्याला थेट जुलाब देते.

साप. पाण्यातून निघालेले साप कोरड्या शाळेतच येतात. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटतात, बोलणं अडखळतं. "काही चावलं नाही" म्हणून थांबू नका, सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात हलवा. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचली तर मलेरिया आणि मण्यार दोन्ही टळतात. २४० माणसांना दोन माणसांमागे एक धरली तरी १२० मच्छरदाण्या, आणि दोरी बांधायला भिंतीत खिळे. खिळे नसल्यामुळे मच्छरदाण्यांचे गठ्ठे तसेच पडून राहतात.

चूल आणि गंज
पाकिटांपेक्षा पहिल्या दिवसापासून चूल. पुरीभाजी दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबते. निकष दिवसाला २४०० कॅलरीचा. माणशी तांदूळ ४०० ग्रॅम, डाळ ७५, तेल ३०, पोहे ५०, फल्लीदाणे ३०, साखर ३० धरलं की जवळपास तेवढं होतं. २४० माणसांना दिवसाला तांदूळ ९६ किलो, डाळ १८ किलो, तेल सात किलोच्या वर. दहा दिवसांचा तांदूळ म्हणजे दहा क्विंटलच्या आसपास. तो उंचावर, पाट्यांवर ठेवायला कोरडी खोली लागते. मोजपट्टी भाऊंच्या हिशेबातली एक खोली गेली.

पोषण आहाराचे गंज (पातेली) शाळेत आहेत, पण ते शाळेच्या पटाच्या मापाचे. ऐनवेळी लग्नाचे मोठे गंज कोणाकडे मिळतील ते लिहून ठेवा. वाळलेलं सरपण जूनच्या आधी छताखाली घ्या, ओल्या लाकडाच्या धुराने खोल्यांत बसवत नाही. दोन वर्षांखालच्या पोरांना आणि दात नसलेल्यांना तिखट घालण्याआधी मऊ भात-वरण बाजूला काढायचं. ही गोष्ट स्वयंपाकाच्या पाळीत नाव लावूनच होते, नुसतं सांगून होत नाही.

झाडीपट्टी
जनावराइचं कोनीच नाई सांगितलं. बुढा मानूस घर सोडत नाई तो बैलापायी. बैलाची सोय नसन तं होडी आली तरी तो चढत नाई.

तणस
बरोबर बोलले भाऊ. जनावरांची जागा शाळेच्या आवारात नको, माश्या आणि शेण पाण्याच्या जागेशी येतं. उंच धुरा (शेताचा बांध) किंवा खळ्याची जागा, वस्तीपासून दोन-तीनशे फूट, बोरिंगच्या उताराकडच्या अंगाला. मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो तणस (धानाचा पेंढा), पाणी चाळीस-पन्नास लिटर. वीस जनावरं म्हणजे रोज ८००-१००० लिटर पाणी, ते पाणीगुंड भाऊंच्या ४३२० मध्ये नाही. तणशीचा ढीग खोलगटात असेल तर उन्हाळ्यातच हलवा, भिजलेली तणस बुरशी धरते आणि जनावरं फुगतात. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी. गळ्यातली दावी रात्री चटकन सोडता येतील अशी एकेरी गाठ मारा.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. गावसभेत मांडायचा मजकूर झाला. क्षमता धान्याची खोली वगळून ८४ लिहिणार, समाजमंदिर आणि गोदाम जोडणार, गोळ्यांचं लेखी घेणार.

एक राहिलं. वीस-पंचवीस दिवसांनी शाळा सुरू करायचा तगादा येतो, ज्यांची भिंत पडली त्यांना जायला जागा नसते. पंचनाम्यात भिंत "अंशतः" लिहिली गेली की मदत येईपर्यंत दिवाळी येते. मधल्या काळात त्यांना कुठे ठेवायचं?

मोजपट्टी
त्यांच्याच जागेवर शेड. पाच माणसांच्या घराला १७.५ चौरस मीटर, म्हणजे १२ बाय १६ फूट. सामान: १४ फुटी टिनाचे पत्रे सहा, बल्ल्या आठ, आडवे बांबू दहा-बारा, जे-हूक आणि वायसर, बांधायची तार, बाजूला तट्टे. एकाच उताराचं छत, पुढे नऊ फूट, मागे सात. छताची उंच बाजू वारा येतो तिकडे ठेवू नका आणि दोन टोकांना तारेने जमिनीत खुंट्या ठोका, नाहीतर पत्रे उडतात. जोत्यासाठी पडलेल्या भिंतीचीच माती एक फूट चोपून घ्या, चारही बाजूंनी वीतभर नाली. ऑक्टोबरच्या उन्हात टिनाखाली बसवत नाही, वरून तणशीचा थर दोरीने आवळून टाका, आणि मागच्या भिंतीत वर एक फुटाची फट सोडा.

पंचनाम्यासाठी: पाणी उतरताच भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशी घरातला माणूस उभा करून फोटो, घर क्रमांक दिसेल असा, आतून-बाहेरून चारही भिंतींचा. पाणी कोणत्या तारखेला आत आलं आणि कोणत्या तारखेला उतरलं ते वहीत लिहा, खाली पोलीस पाटलाची सही. भिंत उभी आहे पण पायथ्याची माती विरघळली असेल तर तिथे हात घालून खोली मोजा आणि इंचात लिहून घ्या.

उंबरठा
आणि शेड घर पडलेल्या विधवेला किंवा एकट्या बाईला आधी. तिच्याकडे पत्रे चढवायला माणूस नसतो, म्हणून ती यादीत पहिली असूनही शेवटी शाळेत राहते. मजुरीसह शेड, नुसते पत्रे नकोत, असं गावसभेच्या ठरावात लिहा.

वैनगंगाकाठ
लिहिलं. गोदामाची आणि समाजमंदिराची दुसरी किल्ली आशाताईंकडे राहील, हेही ठरावात घालतो.